नवस, नाट्यगृह आणि गर्दी

नाटकाची समीक्षा करणारा संहितेविषयी लिहितो, नटांविषयी लिहितो, नेपथ्यावर दोन ओळी खर्ची घालतो. नाट्यगृहाचा उल्लेख त्याच्या लेखात येतो तो पंखे बंद पडले असतील किंवा ध्वनिक्षेपकाने दगा दिला असेल तरच. वास्तू ही नाटकाच्या बाहेरची वस्तू, भांड्याने दुधाची चव ठरत नाही, अशी आपली एक सोयीस्कर समजूत आहे. (कल्हई उडालेल्या भांड्यात दूध ठेवून पाहणाऱ्याला ती पटणार नाही.) बव्हेरियाच्या डोंगराळ मुलुखातील ओबरामरगाऊ या सुमारे पाच हजार वस्तीच्या गावात जे नाट्यगृह उभे आहे, त्याचा इतिहास वाचला की ही समजूत टिकत नाही.

ओबरामरगाऊच्या पॅशन प्लेचे नाव आपल्या वाचकांना अपरिचित नाही. प्रभू येशूच्या दुःखसहनाचे नाटक, दर दहा वर्षांनी, सगळे गाव मिळून करते. आणि त्यामागे प्लेगच्या साथीतला एक नवस आहे, एवढे आपण ऐकून असतो व भाविक कौतुकाने सांगतही असतो. कौतुक रास्तच आहे. पण याच नाटकावर गेल्या शतकात यहुदी द्वेषाचा आरोप झाला, आणि तो खोटा नव्हता. त्या दोषाचे मूळ शोधताना अभ्यासक संहितेची पाने उलटतात, तेही योग्यच. मला मात्र असे वाटते की त्या दोषाचा निदान अर्धा वाटा शब्दांत नसून लाकडात, लोखंडात आणि जागेच्या मांडणीत होता. तो कसा, हे वास्तूच्या इतिहासातूनच पाहावे लागेल.

आरंभी वास्तू नव्हतीच. तीस वर्षांच्या युद्धाने जर्मन मुलूख होरपळत असताना १६३२-३३ च्या सुमारास प्लेग आला. बाहेरगावी मजुरीला गेलेला कास्पर शिस्लर नावाचा गावकरी आपल्या माणसांच्या ओढीने पहारा चुकवून घरी आला आणि त्याच्याबरोबर साथ आली, असे परंपरा सांगते. ऐंशीहून अधिक माणसे दगावल्यावर गावातील प्रमुखांनी १६३३ साली नवस केला: साथ हटली तर दर दहा वर्षांनी आम्ही दुःखसहनाचे नाटक करू. त्यानंतर एकही बळी गेला नाही, अशी श्रद्धा आहे. पुढच्याच वर्षी, १६३४ च्या पेंटेकॉस्टला, पहिला प्रयोग झाला. तो झाला चर्चलगतच्या दफनभूमीत. प्लेगमध्ये गेलेल्यांची माती अजून पुरती बसलीही नसेल, तिच्यावर फळ्या टाकून गावकऱ्यांनी क्रूस उभा केला.

या पहिल्या रंगभूमीचा विचार समीक्षकाने जरा थांबून करावा. नवस फेडणारा माणूस प्रेक्षकांसाठी काही करीत नसतो. त्याचे देणे देवाशी असते. लोक जमतात ते साक्षीला. आपल्या कोकणात दशावतार देवळाच्या आवारात होतो, तेव्हाही खेळाचा पहिला मान देवाचा असतो, प्रेक्षकाचा नव्हे. ओबरामरगाऊच्या दफनभूमीत तर पायाखालचे मृतही त्या प्रयोगाचे भागीदार होते. मेलेल्यांच्या डोक्यावर उभे राहून मृत्यूवरील विजयाची कथा सांगायची, याहून समर्पक नेपथ्य कोणता कल्पक नेपथ्यकार सुचवू शकला असता? शिवाय ती जागा अरुंद होती. अरुंद जागेत गर्दीचे दृश्य मावत नाही; मावतात ती माणसे, एकेकटी, ओळखीच्या चेहऱ्याची. १८२० पर्यंत नाटक याच दफनभूमीत होत राहिले.

दरम्यान संहिता बदलत होती. उपलब्ध असलेली सर्वांत जुनी प्रत १६६२ ची, आउग्सबुर्गच्या जुन्या नाटकांच्या आधारे बेतलेली. पुढे जवळच्या एटाल येथील बेनेडिक्टाइन मठातील फर्डिनांड रोसनर यांनी १७५० साली नवी पद्यसंहिता लिहिली. थाट पूर्ण बरोक शैलीचा. सैतान आणि त्याचा दरबार, मूर्त रूप घेऊन आलेली पापे, असा सगळा परिवार तिच्यात आहे. येशूविरुद्धचे कारस्थान मूलतः नरकात शिजते आणि माणसे त्याला बळी पडतात. प्रबोधनाचे वारे वाहू लागल्यावर असली नाटके सत्ताधाऱ्यांना गावंढळ वाटू लागली. १७७० साली बंदी आली. १८१० सालीही परवानगी नाकारली गेली. ती मिळाली १८११ ला, नवी संहिता केल्यावर. ती लिहिली ओथमार वाइस यांनी, तेही एटालचेच. मठ १८०३ साली सरकारने खालसा केला होता. वाइस यांनी पद्य काढून गद्य आणले, भाबडेपणा काढला, आणि काळाला अनुसरून सैतानालाही रजा दिली.

हा बदल दिसायला सुधारणेचा. परिणाम मात्र भयंकर झाला. नाटकाला खलनायक लागतो. नरक रंगमंचावरून नाहीसा झाल्यावर त्याची रिकामी जागा माणसांनी भरली: मंदिरातून हाकललेले व्यापारी, त्यांचा सूड, त्यांना हाताशी धरणारे मुख्य याजक. जे पाप अखिल मानवजातीच्या अंतःकरणातील म्हणून रोसनरने सैतानाच्या तोंडी घातले होते, ते आता एका विशिष्ट समाजाच्या अंगरख्यात वावरू लागले. पुढे गावचे धर्मगुरू योसेफ आलोइस डाइझेनबर्गर यांनी १८५० ते १८६० च्या काळात ही संहिता भावपूर्ण व ओघवती केली. तिचीच रूपे नंतर सव्वाशेहून अधिक वर्षे चालत राहिली. रोखुस डेडलर या गावातील शाळामास्तरांनी दिलेले संगीत तर आजही आधाराला आहे.

आणि याच शतकात नाटकाने जागा बदलली. १८३० साली ते दफनभूमीतून निघून गावाच्या उत्तर कडेच्या कुरणावर आले, आजच्या नाट्यगृहाच्या जागी. हे स्थलांतर इतिहासाच्या पुस्तकांत एका वाक्यात उरकलेले असते. माझ्या मते या नाटकाच्या चरित्रातील हीच सर्वांत मोठी घटना आहे. पायाखालचे मृत सुटले. समोर माणसे आली. कुरणाला अंत नसतो. बाके वाढवता येतात, मंच रुंद करता येतो. एदुआर्द देव्रिएंत हे जर्मन नट व नाट्येतिहासकार १८५० चा प्रयोग पाहून गेले आणि त्यांनी त्यावर पुस्तकच लिहिले. शहरांतल्या रसिकांना हा खऱ्या लोकरंगभूमीचा ठेवा वाटू लागला. मग टॉमस कुकच्या सहली आल्या. १८९० साली म्यूनिकच्या राजदरबारी रंगभूमीचे यंत्रतज्ज्ञ कार्ल लाउटेनश्लेगर यांच्याकडून नवा रंगमंच करवून घेण्यात आला. १९०० साली मुरनाऊहून गावापर्यंत रेल्वे आली आणि त्याच हंगामाला प्रेक्षागृहही उभे राहिले: सहा प्रचंड लोखंडी कमानी, त्यांवर छप्पर, खाली चार हजारांहून अधिक माणसांची बसण्याची सोय. रेल्वे आणि प्रेक्षागृह एकाच वर्षी यावीत हा योगायोग नव्हे. छायाचित्रांतही ती वास्तू बाहेरून रेल्वेच्या मोठ्या स्थानकासारखीच दिसते, आणि काम तेच करते: माणसे आत घेणे, बाहेर सोडणे.

सौंदर्याच्या दृष्टीने या इमारतीचे कौतुक करण्यासारखे फारसे नाही. पण तिच्यात एक गोष्ट विलक्षण आहे. छप्पर आहे ते प्रेक्षकांवर. रंगमंच उघडा; वर आकाश, मागे डोंगर. पाऊस आला तर परदेशातून आलेला पाहुणा कोरडा बसतो आणि क्रूसावरचा गावकरी भिजतो. दफनभूमीतून निघालेला नवस नव्या वास्तूत कुठे शिल्लक राहिला असे कोणी विचारले, तर मी त्या पावसाकडे बोट दाखवीन.

आता रंगमंचाची रचना पाहू. मध्यभागी पडदा असलेले एक बंदिस्त घर, मंचावरचा छोटा मंच. त्याच्या दोन्ही अंगांना जेरुसलेमचे रस्ते, पलीकडे पिलाताचे आणि महायाजकाचे घर. या सर्वांपुढे खूप रुंद असा उघडा चौक. मधल्या घरात ‘सजीव चित्रे’ दाखवतात: जुन्या करारातील प्रसंग, माणसे श्वास रोखून निश्चल उभी, गायकवृंद त्यांचा अर्थ गातो. योसेफाला भाऊ विकतात, मग पडदा पडतो आणि चौकात यूदा येशूला विकतो. छाया आणि सत्य, वचन आणि पूर्ती, हा धर्मशास्त्रातला जुना विचार येथे सुतारकामाने मांडला आहे. गाव लाकडी मूर्ती कोरणाऱ्यांचे. निश्चल आकृतीची भाषा त्यांच्या हाडीमाशी भिनलेली. चित्रे म्हणून ती अप्रतिम असतात.

परंतु मांडणीचा अर्थ नीट वाचा. इस्राएलचे कुलपिते, संदेष्टे, मोशे हे सारे पडद्यामागच्या पेटीत, मुके, गोठलेले, केवळ दुसऱ्या कशाची तरी खूण म्हणून. बोलणारे, चालणारे, हात उगारणारे यहुदी मात्र बाहेरच्या चौकात, जमावाच्या रूपात. म्हणजे प्रेक्षकाला सहा-सात तासांत यहुदी समाजाची दोनच दर्शने घडतात: गतकाळातील सुंदर चित्र आणि वर्तमानातील आरडाओरडा करणारी गर्दी. संहितेतील एकही वाक्य न बदलता ही गोष्ट निव्वळ वास्तू सांगत होती.

गर्दीचे आणखी एक कारण होते, आणि ते दुष्टपणाचे नव्हे, उलट चांगुलपणाचे. नवस साऱ्या गावाचा. तेव्हा भाग घेण्याचा हक्कही साऱ्या गावाचा. जन्माने गावकरी असलेला, किंवा वीस वर्षे तेथे राहिलेला, कोणीही तो मागू शकतो. शेकडो माणसांना रंगमंचावर जागा द्यायची तर द्यायची कोणती? येशू एक, पिलात एक, शिष्य बारा. उरलेल्यांसाठी जमाव. रुंद चौक रिकामा दिसू नये म्हणून जमाव हवा, आणि जमावाला सामावण्यासाठी चौक अधिक रुंद हवा. १९३० साली गेऑर्ग योहान लांग यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंच नव्याने बांधला गेला, साधा, भव्य, कठोर रेषांचा, आणि प्रेक्षागृहही वाढवले गेले. अशा चौकात मुलांसह शेकडो गावकरी, ज्यांच्यात एकही यहुदी नाही, यहुद्यांचा वेष करून एका सुरात ‘त्याला क्रूसावर खिळा’ म्हणून गर्जत. मत्तयच्या शुभवर्तमानातील ‘त्याचे रक्त आम्हांवर आणि आमच्या मुलाबाळांवर’ हे वाक्य दफनभूमीतल्या फळ्यांवर दहा-बारा शेजाऱ्यांनी म्हणणे वेगळे, आणि पाच हजार प्रेक्षकांसमोर संबंध गावाने गर्जून म्हणणे वेगळे. शब्द तेच. अर्थ वास्तूने बदलला होता.

हिटलर १९३० साली हे नाटक पाहून गेला आणि १९३४ साली, नाटकाच्या तीनशेव्या वर्षाच्या विशेष हंगामात, सत्ताधीश म्हणून पुन्हा आला. १९४२ मधील एका खाजगी संभाषणात त्याने या नाटकाची वाखाणणी केल्याची नोंद आहे. यहुद्यांपासूनचा धोका इतका स्पष्ट क्वचितच कुठे दाखवला गेला असेल, असा तिचा आशय. भक्तीने उभारलेल्या वास्तूला असे प्रशस्तिपत्र मिळावे, यावर वेगळे भाष्य नको.

युद्धामुळे १९४० चा प्रयोग झाला नाही. १९५० साली नाटक जवळजवळ जुन्याच रूपात पुन्हा उभे राहिले, जणू मध्ये काही घडलेच नव्हते. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी द्वितीय व्हॅटिकन परिषदेचा ‘नोस्त्रा एताते’ हा जाहीरनामा आला. येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर सरसकट, किंवा आजच्या यहुद्यांवर, लादता येत नाही, असे त्यात स्वच्छ म्हटले होते. ओबरामरगाऊची जुनी संहिता या कसोटीला उतरत नव्हती. १९७० साली बहिष्काराची हाक दिली गेली आणि धर्माधिकाऱ्यांनीही नाटकाला आपली अधिकृत मान्यता दिली नाही. गाव दुखावले. आमच्या पूर्वजांचा नवस आम्हांला कोण शिकवणार, हा सूर कोणत्याही गावातून निघाला असता, आपल्याही.

यातून निघालेला एक प्रयत्न वास्तूच्या दृष्टीने फार बोलका आहे. १९७७ साली रोसनरची बरोक संहिता याच नाट्यगृहात चाचणीदाखल सादर करण्यात आली. कल्पना उत्तम होती: सैतानाला परत बोलवा, म्हणजे माणसांच्या माथ्यावरचे खापर आपोआप उतरेल. परंतु गावाने ती स्वीकारली नाही आणि १९८० साली डाइझेनबर्गरच पुन्हा आले. याची कारणे गावच्या राजकारणात शोधली जातात. मला वाटते, वास्तूचेही एक मत या निकालात होते. दीडशे वर्षे कुरणावरच्या मोकळ्या चौकात जमावाची सवय झालेल्या गावाला रूपकांच्या दरबारात करमणार कसे? शेकडो माणसांना सैतानाच्या पदरी काय काम देणार?

उत्तर शेवटी मिळाले ते याच चौकात. १९९० च्या प्रयोगासाठी ख्रिस्टियन श्टुकल या गावच्याच, तिशीही न गाठलेल्या मूर्तिकाराची दिग्दर्शक म्हणून निवड झाली. त्याच वर्षी न्यायालयाच्या निर्णयाने विवाहित आणि पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रियांना रंगमंचाचे दार उघडले. तोवर ते बंद होते. ओटो हूबर यांच्या साहाय्याने श्टुकल यांनी २००० साली संहितेची मोठी दुरुस्ती केली. रक्ताच्या शापाचे ते वाक्य गेले. येशू यहुद्यांमधील एक यहुदी, हिब्रू प्रार्थना म्हणणारा, असा दिसू लागला. महायाजकांच्या सभेत त्याची बाजू घेणारे आवाज उमटू लागले, आणि पिलात हा हतबल सज्जन न राहता रोमचा निर्ढावलेला अधिकारी झाला.

या सर्व दुरुस्त्यांत समीक्षक म्हणून मला एकच खरी नाट्यदृष्टीची वाटते: श्टुकल यांनी गर्दी काढली नाही, ती दुभंगली. शेकडो माणसे चौकात तशीच आहेत. पण काही ‘क्रूसावर खिळा’ म्हणून ओरडतात तेव्हा काही ‘सोडून द्या’ म्हणून ओरडतात, आणि दोन आवाज एकमेकांवर आदळतात. संहितेत हा बदल चार ओळींचा दिसेल. त्या रुंद मंचावर मात्र त्याने सारा तोल पालटतो, कारण एकजिनसी जमाव निर्माण करणारी रुंदीच आता मतभेद दाखवण्याच्या कामी येते. अरुंद मंचावर हे साधले नसते. वास्तूच्या दोषातूनच वास्तूचा उपयोग शोधणे, याला मी दिग्दर्शन म्हणतो. २०१० च्या प्रयोगात मंदिरातील प्रसंगी येशू तोराहची गुंडाळी उंच धरतो आणि सारा चौक ‘शेमा इस्राएल’ गातो. इस्राएलची प्रार्थना पडद्यामागच्या पेटीतून निघून प्रथमच उघड्या आकाशाखाली, जिवंत कंठांतून आली.

त्याच वर्षी नाटक दुपारी सुरू होऊन रात्री संपू लागले, म्हणजे क्रूसारोहण अंधारात. त्यासाठी गावात मतदान घ्यावे लागले होते, हे लोकशाहीचे लक्षण मानावे की हट्टाचे हे ज्याने त्याने ठरवावे. रंगमंचावर सरकते काचेचे छप्परही आले. नटांना पावसापासून संरक्षण मिळाले याबद्दल तक्रार कशी करणार? तरीही त्या पावसात काही होते, असे मला वाटत राहते.

नाटकाच्या पैशाविषयी पुष्कळ लिहिले जाते: चार-साडेचार हजार आसने, हंगामात शंभरावर प्रयोग, २०१० साली सुमारे पाच लाख प्रेक्षक. टीकाकारांना वाटते की येथे नवसाचा बाजार झाला. मला या टीकेत फारसा रस नाही. नाट्यगृह गावाच्या मालकीचे आहे, आणि जत्रेत मिठाईची दुकाने लागली म्हणून देव खोटा ठरत नाही. खरा प्रश्न तिकिटाच्या दराचा नसून रंगमंचाच्या नकाशाचा आहे.

२०२० चा प्रयोग महामारीने थांबवला. एका साथीमुळे सुरू झालेले नाटक दुसऱ्या साथीने दोन वर्षे पुढे ढकलले आणि २०२२ च्या मे महिन्यात ते सुरू झाले. यूदाची भूमिका तेव्हा एका मुस्लिम कुटुंबातील तरुणाने केली; गावचा रहिवासी म्हणून तो त्याचा हक्कच होता. नवस केलेल्या १६३३ च्या पंचांना हे कसे वाटले असते कोण जाणे. परंतु ‘सारे गाव’ या शब्दांचा अर्थ त्यांनी सीमित केलेला नव्हता.

एक उणीव अजून आहे. सजीव चित्रे २०२२ सालीही मधल्या पडद्यामागेच होती. रंगसंगती, वेष, प्रकाश यांनी ती पूर्वीपेक्षा कितीतरी प्रभावी झाली, पण मोशे अजूनही मुका आहे, इसहाक अजूनही केवळ एक खूण आहे. चौक दुरुस्त झाला. पेटी तशीच राहिली. तिला हात लावायचा तर डेडलरच्या संगीतापासून गायकवृंदाच्या रांगेपर्यंत सगळे हलवावे लागेल. पुढचा प्रयोग २०३० चा आणि पहिल्या प्रयोगाला चारशे वर्षे होतील २०३४ साली. तोवर ते होईलसे दिसत नाही.

आपल्याला तरी त्यांच्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार किती? गुड फ्रायडेला आपल्या चर्चमध्ये योहानलिखित शुभवर्तमानातील दुःखसहनाचा वृत्तांत वाटून वाचला जातो. निवेदक एक, प्रभूचे शब्द धर्मगुरूंकडे, आणि लोकसमुदायाची वाक्ये बाकांवरून, आपण सर्वांनी, एका सुरात. आपल्या बहुतेक चर्चचा मधला भाग लांबट आणि अरुंद असतो. म्हणणाऱ्याला पुढच्याची पाठ दिसते आणि शेजाऱ्याचा आवाज ऐकू येतो.